भिवराबाईनं सांभाळलेलं मशीन

भिवराबाईच्या हातात दिलेली वस्तू हरवत नाही, हे त्या वस्तीवरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शिरूर कासारहून पाटोद्याकडं जाताना डोंगराच्या कडेला ती वस्ती आहे, सगळी ऊसतोडीला जाणारी घरं. दसरा झाला की मुकादमांचे ट्रॅक्टर येतात आणि धडधाकट माणसं खाली कारखान्याला निघून जातात. मागं राहतात ती म्हातारी, आजारी आणि शाळेत अडकलेली पोरं. जाताना जो तो आपलं काहीतरी भिवराबाईच्या ओसरीवर आणून टेकवतो. कुणाच्या घराची किल्ली, कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या कोंबड्या, कुणाचे गळ्यातले चार मणी. एकानं तर लग्नात आलेला टीव्ही आणून ठेवला. म्हातारीनं अख्खा हिवाळा त्याच्यावर स्वतःची गोधडी पांघरली आणि आपण पोत्यावर काढला, पण टीव्ही एकदा म्हणून लावला नाही. का, तर दुसऱ्याचा. वापरायला थोडाच दिलाय, सांभाळायला दिलाय.

हसायला सोपं आहे. पण ही खोड काही ती जन्मतः घेऊन आली नव्हती. लग्न झालं त्याच साली नवऱ्यानं, आश्रुबानं, तिला कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, नेली. माहेरची चांदीची वाकी दंडात होती. दिवसभर उसाच्या मोळ्या वाहून कोपीत, त्या पाचटाच्या खोपटात, पडली ती मेल्यासारखी, आणि उठून बघते तर दंड मोकळा. कुणी काढली ते शेवटपर्यंत कळलं नाही. सासूनं मात्र मरेस्तोवर एकच ऐकवलं, की हिच्या हाताला भोकं आहेत. पाहुण्यांदेखत ऐकवायची, भांडणात ऐकवायची, नुसतं मीठ सांडलं तरी ऐकवायची. पुढं तिशीच्या आत एका डॉक्टरनं गर्भाची पिशवी काढायला सांगितली, तीही भिवराबाईनं मुकाट काढून दिली, कारण डॉक्टर सांगेल ते ऐकायचं असतं. सासू मेली, आश्रुबा गेला, कोयता सुटला. मग त्या बाईनं राहिलेला सगळा जीव सांभाळण्यात घातला. नवं लुगडं सणाला नेसायची आणि सण उतरला की परत पेटीत. चांगली ताटं पाहुण्यांना, आपण जर्मनच्या वाटीत. लोक म्हणायचे, बाई असावी तर अशी.

तिला एकच लेक, भागवत. त्याची बायको शिवकन्या, आणि त्या दोघांची एकुलती एक पोरगी प्रांजल. म्हातारीची जीभ त्या नावाला वळत नव्हती, ती आपली परांजल म्हणायची. पोरगी चुणचुणीत होती. डोळ्यांनी सगळं टिपायची, कुणी पातेल्याला हात घातला की ताटली घेऊन हजर. फक्त बोलत नव्हती. भिवराबाई म्हणायची, भागवतबी लई उशिरा बोलला, आमच्या घरात समदे असेच. आणि खरं सांगायचं तर कारखान्यावरच्या कोप्यांत लेकराला हाक मारून बोलवायची पद्धतच नाही. ट्रॅक्टर भकभकतो, माणसं ओरडतात, तिथं कुणाची हाक कुणाला ऐकू जाणार? लेकराचा दंड धरायचा आणि ओढायचं. अशा ठिकाणी पोरीला ऐकू येत नाही हे आईबापाला कळणार तरी कसं.

कळलं ते वनमालाला. ही गावातली अंगणवाडीची ताई, भिवराबाईच्या नात्यातलीच. तिनं एकदा पोरांच्या मागं उभं राहून ताटावर उलथनं हाणलं. बाकीची पोरं दचकली, एक-दोन रडायला लागली, आणि प्रांजल समोरच्या भिंतीवर रंगवलेल्या हत्तीकडं बोट दाखवून हसत होती. वनमालाला कसंतरीच झालं. तिनंच मग अंगणवाडीत पोरं तपासायला येणाऱ्या सरकारी गाडीला पोर दाखवली, आणि गाडीनं जिल्ह्याच्या गावी कानाच्या डॉक्टरकडं पाठवलं.

तिथं झोपेतली तपासणी होती. आदल्या रात्री पोरीला झोपू द्यायचं नव्हतं, म्हणजे मग औषध देऊन गाढ झोपवता येतं. भागवतनं तिला रात्रभर खांद्यावर नाचवली. सकाळी तिच्या डोक्याला तारा लावून मशीनवर बघितलं, आणि डॉक्टर म्हणाला, दोन्ही कान गेलेले आहेत, जन्मापासून. शिवकन्या तिथंच खाली बसली. मग डॉक्टरनं पुढचं सांगितलं. एक ऑपरेशन असतं, कानाच्या मागं हाडात यंत्र बसवतात, त्यानं पोरीला ऐकू येईल आणि शिकवली तर बोलायलाही लागेल. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात करतात. सरकारी योजनेत बसली तर पैसा लागत नाही, पण पोरीला पाच वर्षं पुरी व्हायच्या आत बसली पाहिजे. प्रांजल तेव्हा सव्वाचार वर्षांची होती. म्हणजे वेळ होता, नव्हता असं नाही.

पण तिथं जायला ह्या डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, आणि चिठ्ठीच्या आधी एक अट. कानामागं लावायची दोन साधी मशीनं मिळतील, ती पोरीनं तीन महिने दिवसभर घालायची. एवढं करूनही ऐकू येत नाही असं दिसलं, तरच ऑपरेशनची चिठ्ठी. आता बोला. ऐकू येणार नाही हे तारा लावून बघितलेलं, तरी उपयोग न होणारं मशीन घालून ते पुन्हा सिद्ध करायचं. त्यातही काहीतरी शास्त्र असेल, आहेच, कानाला आवाजाची सवय लागते म्हणतात. पण डॉक्टरच्या दारात माणसं लोंबकळत होती, त्याला हे उलगडून सांगायला सवड कुठली. त्यानं सांगितलं दोन वाक्यांत. मग मशीनं देणाऱ्या मॅडमनं सांगायला सुरुवात केली ती सांभाळण्यापासून. पाणी लागू देऊ नका. धूळ लागू देऊ नका. पाडू नका. झोपताना काढा, डबीत ठेवा. हरवलं तर दुसरं मिळणार नाही. घालायचं एकदा सांगितलं आणि सांभाळायचं दहादा. शेवटी ती म्हणाली की लेकराशी दिवसभर बोलत राहा.

हे झालं नवरात्रात. चार दिवसांत ट्रॅक्टर आला. मशीन कानात घालून पोरीला उसात न्यायची कशी, पाचटाचा भुसा, दव, धुरळा. म्हणून ठरलं की प्रांजल ह्या साली आजीजवळ राहील. निघायच्या गडबडीत, एका हातानं पिठाचं पोतं बांधत, शिवकन्यानं सासूला सगळं सांगितलं. रोज सकाळी घालायचं, रात्री काढायचं, हेही सांगितलं, सांगितलं नाही असं म्हणता येणार नाही. पण ट्रॅक्टरवर चढताना भागवत जे बोलला तेच म्हातारीच्या काळजावर बसलं.

"माय, जिवापाड जप त्याला. दुसरं मिळत न्हाई. डॉक्टरची चिठ्ठी त्याच्यावरच हाय."

भिवराबाईला ह्याचा अर्थ लावायला कुणाला विचारायची गरज पडली नाही. आयुष्यभर तिनं दुसरं केलं काय होतं? लोक वस्तू ठेवून जातात, चैतात परत येतात, वस्तू होती तशी हातात पडली की मान हलवतात आणि कुणी साखरेचा पुडा देतं, कुणी गूळ. सरकारनंही तसंच केलं असणार. मशीन ठेवायला दिलंय, माणसं कशी आहेत ते बघायला. तीन महिन्यांनी मागतील. होतं तसं निघालं तर चिठ्ठी देतील, आणि कुठं चिरलं, मळलं, हरवलं, तर म्हणतील की एवढुसं मशीन सांभाळता येईना, ह्यांच्या पोरीच्या डोक्यात लाखाचं यंत्र बसवून काय करायचं? तिचा हिशेब हा असा होता. चुकीचा होता, पण मूर्ख बाईचा नव्हता.

तरी पहिले काही दिवस तिनं घातलं. सकाळी पोरीला मांडीत धरून दोन्ही कानांत बसवायची. पोरगी किंचाळायची, मान झाडायची, ओढून काढायची. पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. एकदा तर भाकरी थापता थापता म्हातारीनं वळून बघितलं तर एक मशीन पोरीच्या कानात होतं आणि दुसरं शेळीच्या तोंडात. पिठाच्या हातानं ती धावली. शेळीचा जबडा फाकवून तिनं ते बाहेर काढलं, पदरानं पुसलं, उजेडात धरून उलटसुलट बघितलं. दातांची खूण नव्हती.  तिनं खंडोबाचा भंडारा कपाळाला लावला, आणि त्याच दिवशी मशीनं डबीत, डबी नव्या खणात, खण पितळी डब्यात आणि डबा पेटीत गेला.

पुढं सणाला तेवढं काढायची. दिवाळीला काढलं, वेळ अमावास्येला शेतात जाताना घरीच ठेवलं, संक्रांतीला नवा फ्रॉक घालून पोरीला ओसरीवर बसवली आणि घटकाभर कानात घातलं. बायका बघायला आल्या. एकीनं हात लावायला बोट पुढं केलं तर भिवराबाईनं तिच्या हातावर चापट मारली.

मॅडमचं दुसरं सांगणं मात्र तिनं अक्षरशः पाळलं. दिवसभर पोरीशी बोलायची. तांबडं फुटल्यापासून सुरू. परांजल, ही बग शेळी. परांजल, हे मीठ. परांजल, तुजा आजा असा व्हता, असा चालायचा. विहिरीवर, चुलीपुढं, शेणाच्या पाट्या टाकताना, तोंड म्हणून मिटायची नाही. घसा बसला तरी बोलायची, हळदीचं पाणी पिऊन पुन्हा बोलायची. शेजारणी म्हणायच्या, म्हातारी बरळायला लागली. पोरगी तिच्या हलत्या ओठांकडं बघायची आणि हसायची. ते बघून भिवराबाईला वाटायचं की हळूहळू उतरतंय आत. आणि मशीन पेटीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हे.

कारखान्यावरून फोन यायचा. शिवकन्या विचारायची, मशीन घालता का? म्हातारी म्हणायची, हो, घालते की, आणि मशीनला काही झालं न्हाई, काळजी करू नको. ती खोटं बोलत होती का? सणाला घालतच होती. पलीकडून गाडी भरायची घाई असायची, मुकादम हाका मारत असायचा. शिवकन्याला तेवढं ऐकून बरं वाटायचं आणि फोन बंद व्हायचा.

तीन महिने पौषात भरले. दाखवायला जायला हवं होतं, पण फडातून दोन दिवस सुट्टी मागितली तर मुकादमानं भागवतला असं काही ऐकवलं की त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. मग ठरलं, पट्टा पडल्यावर, हंगाम संपला की जाऊ. कारखान्याचा पट्टा त्या साली लांबला. माणसं घरी आली तेव्हा चैत निम्मा सरला होता, आणि प्रांजलला पाच पुरी व्हायला तीन महिनेसुद्धा उरले नव्हते. तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. तीनऐवजी पाच-सहा महिने मशीन घातलंय, चिठ्ठी तर हातात पडल्यात जमा, असंच भागवत धरून चालला होता. शिवकन्यानं मोठ्या शहरात राहायला लागणार म्हणून आधीच चटणी कुटून ठेवली.

म्हातारी म्हणाली, मीबी येते. भागवत म्हणाला, तू कावून, उगं उन्हाची? पण ती ऐकेना. ठेवलेली वस्तू तिनं आजवर दुसऱ्याच्या हातून कुणाला पोचवली नव्हती. पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर पितळी डबा धरून ती एसटीत बसली. वाटेत कंडक्टरनं डबा खाली ठेवा म्हटलं तर तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं निघून गेला.

आत पाळी आली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढं झाली. डॉक्टर होता, ती मॅडमही बाजूला बसलेली. भिवराबाईनं टेबलावर डबा ठेवला, झाकण काढलं, खण सोडला, आतून डबी काढली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. "बगा साहेब," ती म्हणाली, "कुटं ओरखडा न्हाई."

मॅडमनं डबी उघडली. मशीनं दिली तशी होती. कानात बसणाऱ्या साच्यावर मळाचा ठिपका नव्हता. सेलची पाकिटंही होती तशीच, एखाददुसरा सेल सोडला तर सगळ्यांच्या पाठीवरचा कागद अजून चिकटलेला. मॅडमनं एक पाकीट उलटं केलं, दुसरं उलटं केलं. मग तिनं हळू आवाजात विचारलं, की आजी, हे रोज किती वेळ कानात असायचं?

"रोज कशाला, बाई? सणाला घालत व्हते. रोज घातलं असतं तर इतकं नीट ऱ्हायलं असतं का?"

हे बोलताना तिच्या तोंडावर हसू होतं. कौतुकाची वाट बघणाऱ्या माणसाचं हसू. शिवकन्यानं वळून सासूकडं बघितलं. भागवत जमिनीकडं बघायला लागला. डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि म्हातारी अजून हात पुढं करूनच उभी होती, चिठ्ठी घ्यायला.

डॉक्टर ओरडला नाही, हे माप त्याच्या पदरात घालायला पाहिजे. ओरडला असता तर एक वेळ बरं झालं असतं. तो म्हणाला, "आजी, हे सांभाळायला दिलं नव्हतं. घालायला दिलं होतं." मग त्यानं भागवतला सांगितलं की चाचणी झालीच नाही, अशी चिठ्ठी दिली तर मोठ्या दवाखान्यातून केस परत येते. भागवत हात जोडून म्हणाला, साहेब, घातलं म्हणून लिहा, तुमचं काय जातंय? डॉक्टर म्हणाला, लिहीन, पण तिथं पोरीला घालून बघतात, सवय आहे की नाही ते लगेच कळतं. आणि दाखवायलाच म्हणून मॅडमनं प्रांजलला जवळ घेतलं, सेलचा कागद काढला आणि मशीन तिच्या कानात घातलं.

पोरगी किंचाळली. मान झाडली, बोटं घालून मशीन उपटलं आणि फेकून दिलं. ते फरशीवर आपटून टेबलाखाली गेलं. आणि भिवराबाई, साठी उलटून गेलेली बाई, कुणाला कळायच्या आत टेबलाखाली वाकली. मशीन उचललं, पदरानं पुसलं, फुंकर मारली, उजेडात धरून बघितलं. पोरगी शेजारी आकांत करत होती. म्हातारीनं आधी मशीन बघितलं आणि मग पोरीकडं बघितलं. शिवकन्यानं हे सगळं पाहिलं.

चिठ्ठी मिळाली नाही. डॉक्टर म्हणाला की आजपासून घालायला लागा, तीन महिन्यांनी या, वयाचं मी तिकडं बोलून बघतो. बोलून बघतो म्हणजे काय, हे ज्याला गरिबाचं घर माहीत आहे त्याला सांगायला नको.

परतीच्या गाडीची वाट बघत ते चौघं स्टँडवर बसले. म्हातारीला अजून नीट उमगलं नव्हतं. ती म्हणत होती, डॉक्टरच्या मनात काळं दिसतंय, एवढं नीट ठेवलं तरी नावं ठेवतो. भागवत म्हणाला, माय, गप बस. ती गप बसली नाही. तुमीच म्हनला व्हता जप म्हनून, ती म्हणाली. ते खोटंही नव्हतं. तेव्हा शिवकन्या बोलली. आवाज चढवला नाही, सासूकडं बघितलंही नाही.

"आत्या, ते फुटलं असतं तरी चाललं असतं. शेळीनं खाल्लं असतं तरी चाललं असतं. पोरीच्या कानात फुटायला पाहिजे व्हतं."

तेव्हा कुठं भिवराबाईला कळलं. कळलं म्हणजे काय, बाईचं अंग गार पडलं.  तिनं मांडीवरचा पितळी डबा सुनेपुढं सरकवला आणि गाडीत बसताना तो परत हातात घेतला नाही.

वस्तीवर बातमी फुटलीच. बायका समजूत घालायला आल्या, आणि समजूत तरी कसली! तुमची काय चूक, भिवरामावशी, म्हणाल्या, तुमी तर तळहातावरच्या फोडावानी जपलं, दुसरी असती तर आठ दिवसांत हरवून बसली असती. ह्या शाबासकीनं तिच्या अंगाची आग व्हायची. एके दिवशी तिनं एकीला ओसरीवरून अक्षरशः हाकलून लावली.

घरात शिवकन्या भांडली नाही. भांडण झालं असतं तर बोलून मोकळं होता आलं असतं. तिनं मशीन आपल्या ताब्यात घेतलं आणि उन्हाळाभर पोरीच्या मागं लागली. दोऱ्यानं मशीन झग्याला बांधायची, पोरीनं काढलं की घालायची, रडली तरी घालायची. एकदा मारलीसुद्धा, आणि मग स्वतःच रडली. महिन्याभरात पोरगी सरावली. दिवसभर मशीन कानात ठेवून शेळीमागं पळायची. घाम लागला, धूळ बसली, साचा चिरला, एका बाजूचा रंग उडाला. एवढं सोपं होतं. भिवराबाई चुलीपुढून बघायची आणि मान खाली घालायची. पोरीच्या कानातलं निसटलं तर ती हात पुढं करायची, पण शिवकन्या म्हणायची, ऱ्हाऊ द्या, मी बगते.

ह्यातच पोरीला पाच वर्षं पुरी झाली. श्रावणात दोघं तिला घेऊन डॉक्टरकडं गेले. मॅडमनं तपासलं, चाचणी पुरी झाली म्हणाली, मशीनचा उपयोग होत नाही हे दिसलं. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली. त्याच पावली ते मोठ्या शहराला गेले, ओळख ना पाळख, दोन रात्री दवाखान्याच्या आवारात काढल्या. खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी वाचली, जन्मतारीख बघितली आणि म्हणाला, वय गेलं, ह्या योजनेत बसत नाही. भागवतनं सांगितलं की वयाचं आमचे डॉक्टर फोनवर बोलणार होते, त्या माणसाला फोनचं काही माहीत नव्हतं. आत एका मोठ्या डॉक्टरीणबाईंना भेटायला मिळालं. त्या म्हणाल्या, ऑपरेशन पैसे भरून होईल, फायदा थोडा कमी होईल पण होईल. किती पैसे ते ऐकून भागवत उठला. दोघांनी म्हातारं होईस्तोवर ऊस तोडला असता तरी ते जमले नसते. अशी ती चिठ्ठी मिळाली, वरातीमागून घोडं.

घरी आल्यावर भागवतनं आईला तेवढंच सांगितलं, की न्हाई जमलं. ती म्हणाली, माझी पेटी इका, लुगडी इका, घर इका. भागवत म्हणाला, तुझ्या लुगड्यांनी काय व्हतंय, माय. वाईट भावनेनं नव्हता बोलला, पण बोलला. वनमालानं पुढं कुणाकुणाला अर्ज करून बघितले, अजून करते. तिच्या आशेला कुणी अडवत नाही.

मग दसरा आला. लोक आपापली गाठोडी घेऊन भिवराबाईच्या ओसरीवर यायला लागले, पण तिनं ह्या साली कुणाचं काही ठेवून घेतलं नाही. आपापलं बघा म्हणाली. माणसं नवल करत परत गेली. तिचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. पोर ह्या साली आपल्याजवळ राहिली तर आपण काय काय करू, ते ती मनात ठरवत होती. मशीन रोज घालू, बोटांनी खुणा करायला शिकवतात म्हणे तिकडं नेऊ, वनमालाला विचारू. गुन्हा झालाच आहे, निदान फेडायला पोर तरी जवळ पाहिजे. निघायच्या आदल्या दिवशी तिनं धीर करून सुनेला विचारलं, की परांजलचे कपडे कुठं ठेवू?

शिवकन्या भांडी पोत्यात भरत होती. ती थांबली.

"आत्या, पोर मी संगं नेते. तुमच्यापशी ठेवत न्हाई."

म्हातारी म्हणाली की तिथं थंडी लई, कोपीत पोर आजारी पडेल, मागून गाडी आली तर तिला ऐकू यायचं न्हाई. शिवकन्या म्हणाली, माझ्या नजरेपुढं असंल. म्हातारीनं पोरीचे कपडे आणून सुनेच्या पोत्यापाशी ठेवले. भागवत दारात उभा होता, त्यानं ते उचलून गाठोड्यात बांधले.

सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोयते, आणि त्यावर माणसं. प्रत्येक घरापुढं हाका चालल्या होत्या. म्हाताऱ्या आपापल्या नातवंडांना नाव घेऊन ओरडत होत्या, नीट बस, हात बाहेर काढू नको, इकडं बघ. ट्रॉलीतली पोरं त्या त्या हाकेला वळून हात हलवत होती. प्रांजल गोधड्यांच्या ढिगावर बसली होती, मशीन कानात, तोंड डोंगराकडं. भिवराबाईची वेळ घरात पीठ बांधून द्यायच्या नादात चुकली, ती बाहेर आली तेव्हा ट्रॅक्टर चालू झाला होता. पोरीनं मागं बघितलं असतं तर एकदा तोंड दिसलं असतं. पण तिला वळवायचं तर जवळ जाऊन खांद्याला हात लावायला पाहिजे होता, आणि ट्रॉली चढाला लागली होती. म्हातारी तिच्या मागं थोडी पळाली. मग थांबून तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "परांजल!" ट्रॉलीतली सगळी माणसं वळली.